शाळेच्या वाटेवरचा ट्रॅक

६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पवई तलावाकाठचा सायकल ट्रॅक बेकायदा ठरवला. महापालिकेने तलावाभोवती सुमारे दहा किलोमीटरचा ट्रॅक आखला होता. तारेच्या जाळीत दगड भरून त्याचा पाया रचायचा होता आणि काम सुरूही झाले होते. आयआयटीतले संशोधक विद्यार्थी न्यायालयात गेले. हा तलाव पाणथळ जागा आहे, इथे मगरी राहतात, पक्षी उतरतात, आणि २०१७ च्या पाणथळ नियमांत अशा बांधकामाला वाव नाही, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले आणि झालेले काम काढून जागा पूर्ववत करायचा आदेश दिला. सायकलवर प्रेम करणाऱ्या पुष्कळ मुंबईकरांना त्या दिवशी वाईट वाटले. तरी निकाल योग्य होता.

पैठणच्या माणसाने हा निकाल नीट वाचावा, कारण गावात सायकल ट्रॅकचा विषय निघाला की बोट आपसूक जायकवाडी धरणाच्या नाथसागराकडे वळते. एवढे मोठे पाणी, जवळपास दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, पायथ्याशी ज्ञानेश्वर उद्यान, हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी. त्या काठाने ट्रॅक झाला तर संभाजीनगरचे लोक शनिवार-रविवारी गर्दी करतील, हे खरेच आहे. पण नाथसागर १९८६ पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे आणि त्याच्या कडेचा पट्टा २०१७ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला आहे. धरणाची भिंत तर सुरक्षेच्या कारणाने मोकळी सोडता येणारच नाही. पवईत जे झाले ते इथे त्याहून लवकर होईल. वर्गणी गोळा करायची, पत्रके वाटायची, नेत्यांच्या हस्ते नारळ फोडायचा, आणि मग पाच माणसे कायद्याचे पुस्तक घेऊन उभी राहिली की सगळे जमीनदोस्त. त्यानंतर पंधरा वर्षे गावात कुणी ‘ट्रॅक’ हा शब्द काढणार नाही.

ट्रॅक हवा. मात्र तो कुणासाठी हवा हे आधी ठरले पाहिजे, जागा आणि पैसा नंतर.

पैठणमध्ये सायकल कोण चालवते? सकाळी शाळा भरायच्या वेळी आसपासच्या वस्त्या-गावांकडून येणाऱ्या रस्त्यांवर थांबून बघावे. दप्तर पाठीला, ओढणी गाठ मारून खोचलेली, कॅरियरवर मैत्रीण. मराठवाड्यातल्या मुलींच्या हातात सायकल आली त्यात सरकारी योजनेचा वाटा मोठा आहे. मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांत शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात, आणि लांबच्या मुलींसाठी एसटीच्या निळ्या बस धावतात. या कार्यक्रमाचे आयुक्तालयच मुळी छत्रपती संभाजीनगरात आहे. सायकलीने काय साधते याचा पक्का हिशेब बिहारातून आला. तिथे २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली मिळू लागल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी वाढलेले दिसले आणि मुला-मुलींमधले अंतर चाळीस टक्क्यांनी कमी झालेले दिसले. सर्वांत जास्त फरक शाळेपासून लांब राहणाऱ्या मुलींत पडला.

सरकारने मुलीला सायकल दिली. ती चालवायला रस्ता दिला नाही. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, ऊस दोन्ही अंगांनी फूट-दीड फूट बाहेर आलेला असतो आणि मागच्या ट्रॉलीला दिवा असतोच असे नाही. मुलगी रस्त्याच्या साइडपट्टीवर उतरते. साइडपट्टी मुरमाची आणि पावसाने कापलेली, डांबरापासून वीतभर खाली. तिथून पुन्हा वर चढताना तोल जातो. घरच्यांनी एकदा हे डोळ्यांनी पाहिले की सायकल ओसरीला लागते, आणि बारावीच्या आधीच मुलीची शाळा सुटायची भीती तयार होते. दुसरा वर्ग आहे कामगारांचा: पैठणची एमआयडीसी, चितेगाव-बिडकीनचा पट्टा, कारखान्याच्या पाळ्या. २०११ च्या जनगणनेत लोक कामावर कसे जातात ते विचारले होते. शेती वगळता इतर कामे करणाऱ्यांत देशभर सुमारे तेरा टक्के लोक सायकलने कामावर जात होते आणि त्याहून जास्त पायी. आता मोटारसायकली वाढल्या हे उघड दिसते. तरीही रात्रपाळी संपवून अंधारात सायकल हाणत घरी निघालेला माणूस या रस्त्यावर आहे, आणि त्याच्या बाजूने बोलणारे कुणी नाही.

एकेकाळी महाराष्ट्रातल्या नगरपालिका सायकलवर कर घेत. हँडलला पत्र्याचा बिल्ला लावावा लागे, रात्री दिवा नसला तर पोलीस अडवत. सायकलवाला तेव्हा रस्त्याचे पैसे भरणारा नागरिक होता. कर गेला ते चांगलेच झाले, पण त्याबरोबर सायकलवाला कागदावरूनही गेला, असे मला वाटते. रस्त्याचा आराखडा करताना मोजणी होते ती मोटारींची, ट्रकची. त्यात सायकल असते ती शेवटच्या रकान्यात.

चुकलेल्या ट्रॅकांची उदाहरणे आपल्याकडे भरपूर आहेत आणि ती फार शिकवतात. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएने २०११ मध्ये सुमारे तेरा किलोमीटरचा ट्रॅक केला, खर्च साडेसहा कोटींच्या घरात. ट्रॅक संकुलातल्या संकुलात फिरायचा. कुर्ला किंवा वांद्रे स्टेशनहून तिथवर सायकलने पोचायची सोय नव्हती, त्यामुळे सायकली आल्याच नाहीत. तिथे गाड्या उभ्या राहू लागल्या आणि पुढे तो काढूनच टाकला. पुण्याची गोष्ट अधिक लांबीची आणि अधिक दुःखाची. सायकलींचे शहर म्हणून ज्याची ओळख, तिथे केंद्राच्या निधीतून रस्त्यांच्या कडेने ट्रॅक झाले. मध्येच झाड, मध्येच विजेचा खांब, बसथांब्याची शेड बरोबर ट्रॅकवर, आणि प्रत्येक चौकात ट्रॅक संपून पायरी. सुजित पटवर्धन यांनी सुरू केलेली ‘परिसर’ ही संस्था गेली कित्येक वर्षे या ट्रॅकांची तपासणी करते, छायाचित्रे काढते, महापालिकेच्या दारात जाऊन बसते. २०१७ च्या डिसेंबरात पुणे महापालिकेने शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, त्यामागे अशाच लोकांचा रेटा होता. आराखडा कागदावर उत्तम आहे. रस्त्यावर मात्र तो तुकड्या-तुकड्यांनीच उतरला.

तुकड्यांचा हा प्रश्न युरोपातही होता, आणि तिथला अनुभव पैठणसारख्या गावाला फार उपयोगाचा आहे. नेदरलँड्स आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो, पण १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर सुमारे तेहतीसशे माणसे मेली आणि त्यात चारशेहून अधिक मुले होती. व्हिक लँगेनहॉफ या पत्रकाराची मुलगी सायकलवरून शाळेत जाताना मोटारीखाली सापडली. त्याने पुढच्या वर्षी वर्तमानपत्रात एक संतप्त लेख लिहिला आणि ‘मुलांची हत्या थांबवा’ हे त्या लेखाचे शीर्षकच एका चळवळीचे नाव झाले. मार्टिए फान पुटेन ही तरुण आई तिची पहिली अध्यक्ष झाली. आईबापांनी रस्ते अडवले, लहान मुले घेऊन खासदारांकडे गेले. सरकारने हेग आणि टिलबर्ग या शहरांत एकेक देखणा, लांबलचक सायकलमार्ग बांधून दिला. त्या मार्गावर सायकली वाढल्या, शहरात मात्र एकूण सायकली फारशा वाढल्या नाहीत. नंतर डेल्फ्टने निराळी वाट धरली. एक दिमाखदार मार्ग करण्याऐवजी गल्लीबोळांतून जाणारे, एकमेकांना जोडलेले छोटे मार्ग, तुटलेल्या जागी एखादा पूल, एखादा बोगदा. तिथे सायकली खरोखर वाढल्या. पैठणला डेल्फ्टची वाट झेपेल. हेगची वाट खर्चिक आहे आणि उद्घाटनाच्या फोटोखेरीज फार काही देत नाही.

मग जागा कुठे? माझ्या मते तीन ठिकाणी बघावे.

पहिली, गावाकडे येणारे शाळांचे रस्ते. हे काम सर्वांत कमी पैशाचे आहे. मुरमाची साइडपट्टी डांबराच्या पातळीला आणायची, पक्की करायची, मध्ये उंच कडेचा दगड किंवा खुंट लावायचे. सायकल मार्गांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी-११ ही संहिता १९६२ पासून आहे आणि २०१५ मध्ये ती सुधारून निघाली. दोन्ही दिशांनी सायकली जायच्या तर सुमारे तीन मीटर रुंदी हवी. सगळीकडे ती मिळणार नाही. जिथे मिळत नाही तिथे मोटारींचा वेग उतरवणे हाच उपाय, आणि शाळेच्या दोन्ही बाजूंना ते करता येते.

दुसरी जागा कालव्याची. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा, उजवा १३२ किलोमीटरचा. डावा पैठण तालुक्यातून जालना जिल्ह्याकडे आणि पुढे परभणीकडे जातो. कालव्याला कडेने पाटबंधारे खात्याचा निरीक्षण-रस्ता असतो. चढउतार जवळजवळ नाही, जड वाहतूक नाही, आणि जमीन सरकारचीच असल्याने भूसंपादन नाही. पुण्यात मुठेच्या कालव्याकाठी लोक सकाळ-संध्याकाळ चालतात ते याच कारणाने. अडचण एक आणि ती गंभीर आहे: कालव्याला कठडा नसतो, कडा घसरड्या असतात, आणि पाणी सोडलेले असताना त्यात पडलेले मूल वाचत नाही. म्हणून कठड्याशिवाय कालव्याचा विचार करूच नये. जमीन गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाची, तेव्हा अर्ज तिथे करावा लागेल आणि अर्जात कठड्याचा खर्च पहिल्या ओळीत लिहावा लागेल.

तिसरी जागा सर्वांत अवघड आणि सर्वांत मोठी. छत्रपती संभाजीनगर ते पैठण हा राष्ट्रीय महामार्ग ७५२ ई, पन्नासएक किलोमीटरचा. त्याचे चौपदरीकरण आले. त्याच पट्ट्यातून जायकवाडीहून शहराकडे जाणारी अडीच मीटर व्यासाची नवी जलवाहिनी आली. सोळाशे ऐंशी कोटींच्या पाणीयोजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले होते. रस्ता एकाचा, पाइप दुसऱ्याचा, आणि दोन्ही एकाच जागेत. पाणीयोजनेवर औरंगाबाद खंडपीठात सुनावण्यांवर सुनावण्या झाल्या. या सगळ्यात सायकलवाल्याचा पट्टा कुणाच्या नकाशात आला असता? पण नकाशा करतानाच ही मागणी टेबलावर असती, तर जलवाहिनीची देखभाल करण्यासाठी जी मोकळी पट्टी सोडावी लागते तिच्यावरून सायकल जाऊ शकली असती. मुंबई महापालिकेने तानसाच्या जलवाहिनीकाठी मुलुंडपासून शीवपर्यंत ३९ किलोमीटरचा ट्रॅक आखला तो याच विचाराने: झोपड्या हटवून मोकळी झालेली जागा पुन्हा अडू नये म्हणून. बिडकीनला ऑरिक ही नवी औद्योगिक वसाहत उभी राहते आहे, तिच्या आतल्या रस्त्यांच्या आराखड्यात सायकल आणि पादचारी दोघांचा विचार आहे. वसाहतीच्या फाटकातून बाहेर पडल्यावर कामगाराने काय करायचे, हा प्रश्न उरतो.

रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यांसाठी वेगळी पट्टी करता येत नाही, असे कुणी म्हणाले तर त्याला पंढरीची वाट दाखवावी. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. त्या आराखड्यात दोन्ही बाजूंना वारकऱ्यांच्या चालण्यासाठी स्वतंत्र पट्टी आहे. वर्षातून काही दिवस पायी जाणाऱ्यांसाठी देशाने महामार्गाला पट्टी जोडली आणि ते अगदी योग्य केले. एकनाथ महाराजांची पालखीही दर आषाढीला पैठणहून पंढरपूरला निघते. त्याच न्यायाने वर्षातले दोनशेहून अधिक दिवस शाळेत जाणाऱ्या मुलीला पट्टी मिळाली पाहिजे.

आता पैशाकडे येऊ, कारण मोहीम बहुधा इथेच भरकटते. गावाने वर्गणी काढून किलोमीटरभर पक्का ट्रॅक बांधावा, असे मी कधीच म्हणणार नाही. वांद्र्याचा ट्रॅक पंधरा वर्षांपूर्वी किलोमीटरला पन्नास लाखांना पडला, त्यावरून कल्पना यावी. बांधकामाचा पैसा सरकारचाच लागणार आणि तो मागायचा आपला हक्क आहे. जिल्हा नियोजन समिती, आमदारांचा स्थानिक विकास निधी, खासदारांचे वर्षाचे पाच कोटी, नगर परिषदेचा अर्थसंकल्प, आणि मोठ्या कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजासाठी खर्चावी लागते, आणि त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामविकास आणि ग्रामीण खेळ दोन्ही येतात. संभाजीनगर-पैठण पट्ट्यात अशा कंपन्या नक्की आहेत.

मग लोकांच्या वर्गणीचे काम काय? सरकारी पैशातून जे कधीच होत नाही ते. मोजणी, नकाशा, एखाद्या अनुभवी अभियंत्याकडून खर्चाचा अंदाज, माहिती अधिकाराचे अर्ज, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ट्रॅक झाल्यावर त्याची झाडलोट, तुटलेले खुंट, विझलेले दिवे. दिंडीत प्रत्येक वारकरी आपली भिशी भरतो, म्हणून त्या पंगतीत तो पाहुणा नसतो आणि भाजीत मीठ कमी पडले तर बोलायला तो मोकळा असतो. ट्रॅकच्या बाबतीत पन्नास रुपये भरलेल्या बापाला हा अधिकार आला पाहिजे. ट्रॅकवर उभी केलेली चारचाकी हलवायला लावणारा माणूस तोच असेल, नगर परिषदेचा कर्मचारी नसेल.

मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यातले जनवार हे छोटे गाव मला या संदर्भात नेहमी आठवते. उल्रिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी तिथे २०१५ च्या सुमारास काँक्रीटचे स्केटपार्क उभे केले. पैसा आला तो कलाकारांनी रंगवलेल्या स्केटबोर्डांच्या विक्रीतून आणि बांधायला हात लागले ते स्वयंसेवकांचे. नियम दोन: मुलींना पहिला मान, आणि शाळा बुडवली तर स्केटबोर्ड नाही. त्या गावची आशा गोंड २०१८ मध्ये चीनमध्ये जागतिक स्पर्धेला गेली. जनवारमध्ये काँक्रीटइतकेच महत्त्व त्या दोन नियमांना आहे. पैठणच्या मोहिमेनेही आपले नियम वर्गणीच्या पावतीवरच छापावेत.

आणि पावती खरी असावी. नोंदणी नसलेल्या मंडळाने लोकांकडून पैसे गोळा करण्याआधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळांना हे पाठ असते. सायकलवाल्यांच्या उत्साही गटांना बहुतेक वेळा नसते, आणि पहिल्या तक्रारीतच सगळी मोहीम संशयात सापडते. खाते बँकेत, सह्या दोघांच्या, त्यातली एक बाईची, आणि जमाखर्च महिन्याला शाळेच्या फळ्यावर. याहून कमी काही चालवून घेऊ नये.

एक गोष्ट मात्र पैसा यायच्या आधीच करता येते, आणि ती केल्याशिवाय पावतीपुस्तक छापू नये. मोजणी. कोविडच्या काळात केंद्राने शहरांची सायकल स्पर्धा घेतली, २०२१ मध्ये जिंकलेल्या अकरा शहरांत महाराष्ट्राची नागपूर आणि पिंपरी-चिंचवड होती. त्या स्पर्धेत शहरांना आधी लोकांना विचारावे लागे, मग रस्त्याचा एक तुकडा खुंट-रंग लावून तात्पुरता करून बघावा लागे. छोट्या गावालाही हे जमते. चार नाक्यांवर चार-चार विद्यार्थी, सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी चार ते आठ. किती सायकली गेल्या, त्यात मुली किती, कॅरियरवर किती, साइडपट्टीवर किती वेळा उतरावे लागले, कुठे पडल्या. शाळेच्या हजेरीपटाशी हे आकडे ताडून बघितले की कुठल्या वस्तीच्या मुली सायकल असूनही चालत येतात ते कळेल. असा कागद हातात असेल तर नगराध्यक्षांपासून खासदारांपर्यंत कुणालाही ‘बघू’ म्हणून तो बाजूला ठेवणे सोपे जात नाही.

वेळही ठरवून घ्यावी. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नोव्हेंबरात भरतात आणि कारखान्यांची धुराडी साधारण त्याच सुमारास पेटतात. उसाच्या ट्रॉल्या आणि शाळेच्या सायकली एकाच रस्त्यावर असतात ते हेच महिने, म्हणून मोजणी डिसेंबरच्या आत उरकावी. जूनमध्ये मोजले तर रस्ता मोकळा दिसेल आणि कागद खोटे बोलेल. जानेवारीत ग्रामसभा असतात, २६ तारखेला तर सगळीकडे. तिथे रस्त्यालगतच्या गावांचे ठराव घ्यावेत. नगर परिषदेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीअखेर मंजूर होतो, तेव्हा त्याआधी निवेदन दप्तरी दाखल झालेले आणि त्याची पोच हातात असलेली बरी. मार्चमध्ये नाथषष्ठीला लाखो लोक गावात येतील, दुकानांच्या ओळी रस्त्यांवर उतरतील, आणि पुढचे पंधरा दिवस कुठल्याही कार्यालयात या विषयाला कुणाकडे वेळ नसेल.